न करण्याची वाटणी

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा तिचे मालक पाच होते. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढे साऱ्या देशाला ठाऊक झालेले व्ही. शांताराम. या पाच नावांपुढे पाच कामे लिहून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. दामले यंत्रे आणि पुढे ध्वनिमुद्रण पाहायचे, फत्तेलाल कलादिग्दर्शन, धायबर कॅमेरा, शांताराम दिग्दर्शन, आणि सीतारामपंत पैसा. एकाला जे येत नव्हते ते दुसऱ्याला येत होते, म्हणून कंपनी चालली, असा या तक्त्याचा अर्थ लावला जातो. उद्योग काढणाऱ्यांना आज जो उपदेश मिळतो तोही याच धाटणीचा असतो: स्वतःत काय कमी आहे ते ओळखा आणि ते ज्याच्यात आहे असा भागीदार शोधा.

प्रभातच्या बाबतीत हा अर्थ टिकत नाही. पाचांपैकी चौघे एकाच गुरूकडे शिकले होते, आणि त्या गुरूच्या कारखान्यात कुणाचे असे एकच काम नव्हते.

तो गुरू म्हणजे बाबूराव पेंटर. बाबूराव आणि त्यांचे भाऊबंद आनंदराव, दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत आणि रात्रंदिवस सिनेमाच्या कॅमेऱ्याचा विचार करत. 1916 साली आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट राहिला. तो बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने पुरा केला आणि त्यावर त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट निघू लागले. इथे माणूस सकाळी पडद्यावर रंग चढवी, दुपारी फिल्म धुई, आणि गरज पडली तर तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभा राही. शांताराम या कंपनीत पडेल ते काम करत वर आले. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी झालेले तेच. 1927 चा ‘नेताजी पालकर’ शांताराम आणि धायबर यांनी मिळून दिग्दर्शित केला. 1928 चा ‘कर्ण’ दामले आणि फत्तेलाल यांनी. म्हणजे प्रभातच्या करारावर सह्या झाल्या त्या दिवशी पाच भागीदारांपैकी चौघांनी दिग्दर्शन केलेले होते.

इथे थोडे थांबायला हवे. ज्या घरात चार दिग्दर्शक आहेत तिथे दिग्दर्शन मुख्यतः एकाने करायचे म्हणजे काय? उरलेल्या तिघांनी, येत असूनही, ते करायचे नाही. सुरुवातीच्या काही मूकपटांत धायबरांचे नाव दिग्दर्शनाला जोडलेले दिसते, पण बोलपट आला तसतसे ते काम शांतारामांकडे एकवटत गेले. दामले ध्वनिमुद्रणाच्या नव्या यंत्रांमध्ये शिरले, फत्तेलाल नेपथ्यात. ही कौशल्यांची वाटणी नव्हतीच, कौशल्य तर बहुतेकांकडे बहुतेक सगळे होते. वाटून घेतले होते ते संयम. कुणी कशाला हात लावायचा नाही, याची ती वाटणी होती.

अॅडम स्मिथने 1776 साली टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन करून श्रमविभागणीचा जो सिद्धांत मांडला, त्यात या संयमाला जागा नाही. तार ओढणाऱ्याला टोक काढता येत नसले तरी तिथे काही बिघडत नाही. उलट न येणे हीच त्याच्या वेगाची अट आहे. न येणाऱ्या गोष्टीत लुडबुड करण्याचा मोह माणसाला फारसा होत नाही, आणि झाला तरी त्याला गप्प करणे सोपे असते. खरी परीक्षा येत असलेल्या गोष्टीची. शेजारचा माणूस जे करतो आहे ते आपण वेगळे केले असते, कदाचित अधिक चांगले केले असते, हे कळत असताना खोलीबाहेर राहणे. प्रभातच्या पहिल्या सात-आठ वर्षांचे बळ मला या बाहेर राहण्यात दिसते.

कायद्याला हे दिसत नाही, आणि त्याचा तो दोषही नाही. आपला भागीदारीचा कायदा 1932 चा, प्रभातहून तीन वर्षांनी धाकटा. वेगळा करार नसेल तर नफा समान वाटावा, प्रत्येक भागीदाराला धंद्याच्या कारभारात भाग घेण्याचा हक्क असावा, रोजच्या बाबींतला मतभेद बहुमताने सोडवावा, पण धंद्याचे स्वरूपच बदलायचे तर सर्वांची संमती हवी, अशा त्यातल्या तरतुदी आहेत. एका भागीदाराने फर्मच्या वतीने केलेले काम सगळ्यांना बांधते, आणि देणे फेडताना प्रत्येकाची स्वतःची मालमत्ताही पणाला लागते. कायदा डोकी मोजतो. चित्रपटगृहातला पडदा उजळल्यावर दिवा कुठे हवा होता यावर मात्र पाच मते घेऊन तीन विरुद्ध दोन असा निकाल लावता येत नाही. तिथे एकाचेच चालते, आणि बाकीच्यांची मालमत्ता त्या एकाच्या डोळ्यावर पणाला लागलेली असते. सहभागाच्या हक्काबद्दल कायदा बोलतो. तो हक्क रोज न वापरण्याबद्दल तो काय बोलणार!

या दृष्टीने पाचांतले सगळ्यात अवघड आसन सीतारामपंतांचे होते असे मला वाटते. ते पेंटरांच्या कारखान्यातून आलेले नव्हते; पेढीवरचा माणूस. चौघांच्या संयमाला निदान कलेची समज होती, यांचा संयम निव्वळ विश्वासावर. 1933 सालाकडेच पाहा. त्या वर्षी ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा प्रयत्न झाला, प्रती जर्मनीत करून घेतल्या, आणि रंग काही साधला नाही. त्याच वर्षी कंपनीने कोल्हापूर सोडून पुण्यात, तेव्हाच्या गावाबाहेर, एरंडवण्याला नवा स्टुडिओ उभारला. एका हाताला फसलेला प्रयोग आणि दुसऱ्या हाताला नवे बांधकाम, हे कुठल्याही पेढीच्या शहाणपणात बसणारे नाही. पैशाच्या माणसाने त्या क्षणी कथेत, नटांत, खर्चात बोटे घालायला सुरुवात केली असती तर कुणी त्याला दोष दिला नसता. प्रभातचे पुढचे चित्रपट पाहता तसे झाले असावे असे वाटत नाही. ‘अमृतमंथन’ 1934 चा आहे. ताळेबंदाकडे बघत कुणी असा चित्रपट काढत नाही. चरित्रकार मात्र सीतारामपंतांना एक-दोन ओळींत उरकतात. जे केले नाही त्याची नोंद ठेवायला कागद नसतो, हे त्याचे एक कारण असेल.

पण ही मांडणी 1936 पाशी अडखळते, आणि तीच या गोष्टीतली सर्वांत समृद्ध जागा आहे. त्या वर्षी दामले-फत्तेलाल या जोडीने ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. त्याच वर्षी शांतारामांचा ‘अमरज्योती’ आला आणि धायबरांचा ‘राजपूत रमणी’. एका छपराखाली तीन दिग्दर्शन. पुढच्या वर्षी शांतारामांचा ‘कुंकू’. ‘तुकाराम’ आणि ‘कुंकू’ एकामागोमाग पाहिले तर हे एकाच स्टुडिओचे चित्रपट आहेत यावर विश्वास बसत नाही. शांतारामांचा कॅमेरा बोलतो, प्रतीके शोधतो, प्रेक्षकाला जाब विचारतो. ‘तुकाराम’मध्ये कॅमेरा आहे हे बराच वेळ लक्षातच येत नाही, विष्णुपंत पागनीस गातात, गौरीची जिजाई शेणामातीत हात घालून संसार ओढते आणि दिग्दर्शक दारात उभा राहून पाहतो आहे असे वाटते. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

असे यश भागीदारीला झेपतेच असे नाही. अपयशात पाच माणसे जवळ येतात, ते ‘सैरंध्री’च्या वेळी झाले. ‘तुकाराम’ने मात्र उघड करून दाखवले की दामले-फत्तेलाल यांनी प्रभातमध्ये आजवर जे केले नव्हते ते त्यांना येत नव्हते म्हणून नव्हे. यावर शांतारामांना काय वाटले असेल याचा तर्क करण्यात मला रस नाही. त्यांचे ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र आहे, आणि आत्मचरित्रात दिग्दर्शक मध्यभागी असणारच. बापू वाटव्यांचे ‘एक होती प्रभातनगरी’ही आहे, ज्याला हवे त्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. माझा मुद्दा स्वभावाचा नाही, रचनेचा आहे. जोवर ‘मी करत नाही’ हे ‘मी करू शकतो’ या जाणिवेवर तोललेले असते तोवर ते दान असते. एकदा करून दाखवले आणि जगाने डोक्यावर घेतले, की पुन्हा न करणे ही सक्ती वाटू लागते. ज्याच्यासाठी जागा सोडली होती त्यालाही मग आपली जागा दिलेली नव्हे, तात्पुरती वापरायला मिळालेली वाटते.

पुढचे वेगाने सांगतो, कारण तिथे रहस्य नाही. ‘राजपूत रमणी’नंतर धायबर बाहेर पडले. 1941 चा ‘शेजारी’ हा शांतारामांचा प्रभातमधला शेवटचा चित्रपट. 1942 मध्ये ते गेले आणि मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. 1945 साली दामले वारले. फुटीची कारणे सांगणारे अनेक आहेत: पैसा, माणसे, मानापमान, लग्ने. सगळी थोडी थोडी खरी असतील. 1950 च्या दशकाच्या आरंभी प्रभात बंद पडली. 1960 पासून त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि डेक्कनकडून तिकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही पुणेकर प्रभात रोड म्हणतात.

मात्र एका गोष्टीबद्दल घाई करू नये. भागीदारी फुटली म्हणजे कला संपली, असे म्हणायला पुरावा नाही. शांतारामांशिवायच्या प्रभातने 1944 मध्ये ‘रामशास्त्री’ दिला, जो कुणाच्याही यादीत वरच राहील. प्रभातशिवायच्या शांतारामांनी 1946 मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आणि 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. तेच निर्माते, तेच दिग्दर्शक, तेच मुख्य नट. एकाच माणसाच्या हातात सगळी सूत्रे असताना उत्तम काम होऊ शकते. फक्त त्या कामाचा आवाज एकच राहतो. ‘तुकाराम’ आणि ‘कुंकू’ लागोपाठ देणारे घर राजकमल कधी होऊ शकत नव्हते, आणि शांतारामांना ते तसे व्हायला हवे होते असेही नाही.

किर्लोस्करवाडीची गोष्ट या तुलनेत शांत आहे. तिथे नाते आधीपासून होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. हक्काची बढती अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे आले. 1888 मधले सायकलचे दुकान, मग कडबा कापायची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी तो नांगर आधी कुणी घेईना. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये वाडी वसली. तिथे थोरल्या भावाने गाव हाती घेतले: घरे, पाणी, स्वच्छता, माणसांचे तंटे. धाकट्याने कारखाना. सहकाऱ्यांपैकी जांभेकर यंत्रे बघत, रेगे हिशेब, के. के. कुलकर्णी पडेल ते. थोरल्याने धाकट्याला पुढे होऊ देणे ही आपल्याकडे सहज घडणारी गोष्ट नाही. पण नात्यात एक सोय असते, कुणाचे किती हे रोज मोजावे लागत नाही. प्रभातमधल्या पाचांना ती सोय नव्हती, ते मित्र होते. मैत्रीतला हिशेब भावकीतल्या हिशेबाहून बारीक असतो, असे माझे निरीक्षण आहे. वाचकाचे वेगळे असेल तर वाद नाही.

मैत्रीही नाही आणि नातेही नाही अशी एक जोडी जपानमध्ये होऊन गेली, आणि न करण्याची ही कला तिने जवळजवळ शास्त्रापर्यंत नेली. सोइचिरो होंडा हे यंत्रवेडे गृहस्थ, ग्रीस लागलेल्या हातांचे, तापट. 1948 मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि 1949 मध्ये ताकेओ फुजिसावा त्यांच्याकडे आले. जपानमध्ये कागदावर सहीऐवजी शिक्का चालतो. कंपनीचा तो शिक्का होंडांनी फुजिसावांच्या हवाली केला. कर्ज, खरेदी, विक्री, सगळे त्यांच्याकडे. उलट कंपनीवर नाव एकाचेच राहिले आणि फुजिसावांनी ते कधी मागितले नाही. ज्याचे नाव त्याच्याकडे शिक्का नाही, ज्याच्याकडे शिक्का त्याचे नाव नाही.

1952 मध्ये सायकलला जोडायचे छोटे इंजिन निघाले तेव्हा फुजिसावांनी मोटारसायकलींच्या व्यापाऱ्यांकडे न जाता देशभरच्या हजारो सायकल-दुकानदारांना पत्रे लिहिली. 1954 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. नेमक्या त्याच वेळी होंडा आयल ऑफ मॅन बेटावरची मोटारसायकलची शर्यत पाहायला गेले, आणि इकडे पुरवठादारांना व बँकेला तोंड दिले ते फुजिसावांनी. वरवर पाहता हे बेजबाबदार वाटते. पण त्या दिवसांत होंडा घरी असते तर काय करू शकले असते? बँकेच्या बैठकीत त्यांच्या तापटपणाचा उपयोग नव्हता. शर्यतीतल्या इंग्रजी-इटालियन इंजिनांना काय सुचते आहे ते डोळ्यांनी पाहण्याचा मात्र पुढे झाला; 1961 मध्ये त्याच शर्यतीत होंडाच्या गाड्या जिंकल्या.

प्रभातशी तुलना करताना मला 1960 साल महत्त्वाचे वाटते. फुजिसावांच्या आग्रहाने त्या वर्षी संशोधन विभाग मुख्य कंपनीपासून तोडून स्वतंत्र कंपनी करण्यात आला. एका प्रतिभावंतावर कारखाना किती दिवस चालणार, हा त्यामागचा प्रश्न होता. होंडांना वगळून विचार करण्याची ही सुरुवात होती आणि ती केली त्यांच्या सर्वांत जवळच्या माणसाने. दशकाच्या शेवटी ती वेळ आलीही. मोटारीचे इंजिन हवेनेच थंड करायचे असा होंडांचा हट्ट होता; 1969 ची एच 1300 ही गाडी त्या हट्टातून आली. तरुण अभियंत्यांना पाण्याने थंड होणारे इंजिन हवे होते, कारण धुराचे नवे नियम दुसऱ्या वाटेने पाळता येणार नव्हते. ते फुजिसावांकडे गेले. वीस वर्षे इंजिनाचे काम होंडांवर सोडलेल्या या माणसाने तेव्हाही तांत्रिक वाद घातला नाही. आपण अध्यक्ष म्हणून राहणार की अभियंता म्हणून, असे त्यांनी होंडांना विचारले. होंडांनी अध्यक्ष राहायचे ठरवले, आणि पाण्याच्या इंजिनाला वाट मिळाली.

त्या प्रश्नाला वजन होते ते आधीच्या वीस वर्षांच्या बाहेर राहण्याचे. दर महिन्याला इंजिनावर मत देणाऱ्याने तोच प्रश्न विचारला असता तर तो आणखी एक वाद ठरला असता. पाचांच्या प्रभातमध्ये असा प्रश्न कुणी कुणाला विचारू शकले असते का? दामले विचारू शकले असते, 1936 पूर्वी. ‘तुकाराम’नंतर ते स्वतः त्याच खेळात उतरलेले होते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या तोंडचा सल्ला ऐकवत नाही.

कुणी पुढे व्हायचे या पेचावर आपल्याकडे एक निराळा तोडगाही निघाला. 1981 मध्ये सात अभियंत्यांनी पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली, पुढे ती बंगळुरूला गेली. तिथे नारायण मूर्तींनंतर नीलेकणी, मग गोपाळकृष्णन, मग शिबूलाल असे संस्थापकच एकामागून एक प्रमुखपदी आले, थेट 2014 पर्यंत. ही पाळी झाली. पाळीत न्याय असतो, पण दुसऱ्याचे काम चालू असताना आपली वेळ कधी येईल याकडे लक्ष ठेवण्याची सवयही असते. होंडा-फुजिसावांच्या व्यवस्थेत कुणाची वेळ यायचीच नव्हती.

आताच्या सहसंस्थापकांचे करार मोठे बारकाईने लिहिलेले असतात. समभाग चार वर्षांत कसे हाती यायचे, मध्येच सोडून गेल्यास किती परत करायचे, पदांची नावे काय. वकील काही विसरला असे वाटत नाही. पण कुणी कुठे बोलायचे नाही हे त्यात लिहिता येत नाही, आणि लिहिले तरी न्यायालय ते बजावणार कसे?

1973 मध्ये, कंपनीला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, फुजिसावांनी निवृत्त होण्याची इच्छा कळवली. ती कानावर येताच होंडांनीही जायचे ठरवले. तेव्हा ते 66 वर्षांचे होते, फुजिसावा 62 चे. दोघांच्याही मुलांना कंपनीत जागा ठेवलेली नव्हती. अध्यक्षपद 45 वर्षांच्या कियोशी कावाशिमांकडे गेले, जे होंडांच्या हाताखाली काम शिकले होते.